उन्हाळ्यात बेस हॉर्न पातळ वाजतो आणि दरवर्षी सिलिकॉन भरूनही फट पुन्हा उघडते: कारण आणि उपाय

लक्षण असे. हिवाळ्यात कोपऱ्यातला घडीचा बेस हॉर्न (घड्या घातलेल्या, रुंदावत जाणाऱ्या वाटेने खालचा आवाज बाहेर काढणारा स्पीकरचा डबा) झकास वाजतो, पखवाजाच्या डाव्या अंगाचा घुमारा पोटात जाणवतो. होळी सरून कूलर सुरू झाले की घुमारा पातळ होतो, एखाद्या सुरावर फर्र-फर्र येते, आवाज वाढवला तर कोन (स्पीकरचा हलणारा शंकू) आपटल्यासारखा वाजतो. सुतार येतो, बाहेरून दिसेल त्या सांध्यात सिलिकॉन भरतो. मृग लागून पंधरा दिवस झाले की डबा आपोआप सुधारतो, आणि श्रेय सिलिकॉनला मिळते. पुढच्या वैशाखात पुन्हा तेच.

लातूर, नांदेड, परभणी, संभाजीनगर, कुठेही हा प्रकार सारखाच घडतो. मुळाशी बहुतेक वेळा एकच गोष्ट असते: आतल्या, न दिसणाऱ्या सांध्यातून हवा गळते. पण ते धरून चालू नका. तीन-चार शंका आधी फेडून घ्या, नाहीतर धडधाकट डबा विनाकारण फोडाल.

खाली सगळीकडे एकच नमुना डबा धरला आहे. 12 इंची ड्रायव्हर (आत बसवलेला स्पीकर), कोनाचे क्षेत्रफळ सुमारे 530 चौ. सेंमी, थ्रोट (वाटेचा ड्रायव्हरकडचा अरुंद गळा) 230 चौ. सेंमी, कटऑफ (हॉर्न ज्याखाली काम देत नाही तो सूर) 40 हर्ट्झ, घातांकी वाढ (ठरावीक अंतराला वाट दुप्पट), तोंड 4600 चौ. सेंमी, वाटेची लांबी 2.05 मीटर. आतली रुंदी 60 सेंमी, म्हणजे थ्रोटची उंची जेमतेम 3.8 सेंमी. ड्रायव्हरच्या मागचा बंद कप्पा सुमारे 43 लिटर. तुमचे आकडे वेगळे असतील, पण पद्धत तीच.

आधी डब्याबाहेरच्या शंका

"उन्हाने हवा पातळ होते म्हणून बेस जातो" हे अनेकदा ऐकू येते. हिशेब करा. 20 अंशांना आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे 343 मीटर, 42 अंशांना 357. फरक चार टक्के. 40 हर्ट्झचा हॉर्न फार तर साडेएक्केचाळीसचा झाला. एवढ्याने बेस हरवत नाही.

दुसरी भीती कॉइलची (ड्रायव्हरमधल्या तांब्याच्या तारेच्या वेटोळ्याची). मल्टिमीटरवर दिवाळीत 5.6 ओहम दाखवणारी कॉइल मे महिन्यात 6.1 दाखवते, म्हणून कॉइल जळत चालली असे लोक धरतात. तांब्याचा रोध दर अंशाला 0.39 टक्के वाढतो. 22 अंशांच्या फरकाला हे आकडे बरोबर जुळतात. ड्रायव्हर ठीक आहे.

तिसरी गोष्ट मात्र खरी आहे आणि तिच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही: खिडकी. 12 बाय 15 फुटांच्या, 10 फूट उंच खोलीत लांबीचा पहिला मोड (खोली स्वतः ज्यावर घुमते तो सूर) 37 ते 38 हर्ट्झला, रुंदीचा 47 ला, उंचीचा 56 ला पडतो. 37 च्या खाली खोली बंद भांड्यासारखी दाबली जाते आणि सगळ्यात खालच्या बेसला फुकटची मदत मिळते. कूलर लावला की हवा निघायला समोरची खिडकी किंवा दार उघडावेच लागते, आणि ती मदत तिथून निघून जाते. तेव्हा परीक्षा सोपी आहे. कूलर बंद, दारे-खिडक्या हिवाळ्यासारख्या बंद, पंखा बंद, आणि तेच गाणे त्याच आवाजात. बेस परत आला तर डब्याला हात लावू नका.

चौथी शंका वीज जाण्या-येण्याची. काही स्वस्त डीएसपी बोर्ड (आवाजाच्या डिजिटल जुळवणीचे बोर्ड) वीज परतल्यावर पहिल्या प्रीसेटवर जातात. दोन मीटरची वाट चालून येणारा आवाज सुमारे 6 मिलिसेकंद उशिरा येतो, म्हणून वरच्या स्पीकरला तेवढा डिले दिलेला असतो. तो पुसला गेला की क्रॉसओव्हरच्या (दोन स्पीकरांत सूर जिथे वाटले जातात त्या सीमेच्या) आसपास दोन आवाज एकमेकांना खातात आणि बेस गेल्यासारखा वाटतो. ॲप उघडून डिले, पोलॅरिटी (आवाजाची सुलट-उलट दिशा) आणि हाय-पास (अगदी खालचे सूर अडवणारा फिल्टर, या डब्याला 32 ते 35 हर्ट्झ, ऑक्टेव्हला 24 डीबीचा) जागेवर आहेत का पाहा. दोन मिनिटांचे काम आहे.

डब्याला विचारायचे, खोलीला नाही

इथून पुढे कानावर भरवसा ठेवू नका, आणि मायक्रोफोनवरही पहिल्या फेरीत नको, कारण तो डब्यासोबत खोलीही ऐकतो. इम्पीडन्सचा (प्रत्येक सुराला ड्रायव्हर विजेला किती अडवतो याचा) आलेख मात्र जवळजवळ फक्त डब्याचा असतो. कोनावर मागून-पुढून हवेचा जो भार पडतो तो तारेवर उलटून दिसतो.

साउंड कार्ड आणि रूम ईक्यू विझार्ड हे मोजणीचे सॉफ्टवेअर वापरता येत असेल तर 100 ओहमच्या रोधाने अर्ध्या तासात आलेख मिळतो. ते नसेल तर दुकानातल्या सामानातही होते. ॲम्प्लिफायरच्या एका चॅनलला ओळीने 1000 ओहमचा अर्ध्या वॉटचा रोध लावा आणि त्याच्या पुढे ड्रायव्हरऐवजी आधी 10 ओहमचा रोध. फोनवरून 50 हर्ट्झचा टोन द्या. 10 ओहमच्या दोन टोकांत मल्टिमीटरवर एसी 100 मिलिव्होल्ट येईपर्यंत आवाज वाढवा आणि नॉबला चिकटपट्टी लावून टाका. आता 10 ओहम काढून तिथे डबा जोडा. दर 10 मिलिव्होल्टला 1 ओहम असा सरळ हिशेब. 20 ते 100 हर्ट्झ 5-5 च्या पायरीने वाचा, जिथे आकडा चढतो तिथे 1-1 च्या पायरीने. मीटरला 2 व्होल्ट किंवा त्याहून लहान एसी रेंज हवी. फक्त 200 आणि 750 व्होल्टवाला पिवळा मीटर इथे कामाचा नाही. आणि नॉब त्या जागी असताना 1000 ओहमचा रोध कधीही वगळू नका, 10 व्होल्ट थेट ड्रायव्हरवर जातील.

चांगल्या डब्यात 100 हर्ट्झच्या खाली दोन-तीन टोकदार शिखरे दिसतात. बिघाड असा ओळखायचा:

- सर्वांत खालचे शिखर बसके आणि पसरट झाले, बाकीची जवळपास जागेवर: मागचा कप्पा गळतोय.
- शिखरांच्या जागाच सरकल्या, बहुधा वर, किंवा मध्ये नवा खड्डा आला: घडीतल्या एका गाळ्यातून (वाटेच्या एका पदरातून) शेजारच्या गाळ्यात हवा आडवाटेने जातेय, हॉर्न आखूड झालाय.
- आलेख ठीक, पण एखाद्या ठिकाणी दातेरी, दर वाचनाला आकडा वेगळा: काहीतरी सैल आहे. ड्रायव्हरचे बोल्ट आधी.

दीड-दोन हर्ट्झचा फरक उन्हाचा समजून सोडून द्या. तुलनेला जुना आलेख नसेल तर डावा आणि उजवा डबा एकमेकांशी ताडून पाहा. दोन डबे एकाच ठिकाणी, सारख्याच मापाने फाटत नाहीत. एकच डबा असेल तर डेव्हिड मॅकबीन यांचे हॉर्नरिस्प हे मोफत सॉफ्टवेअर वापरा. मापे आणि ड्रायव्हरचे पॅरामीटर भरले की ते अपेक्षित इम्पीडन्स काढून देते. शिखरांची उंची हुबेहूब जुळणार नाही, जागा जुळायला हव्यात.

गवंड्याची लेव्हल नळी

कप्प्यावर संशय आला की पुढची परीक्षा पाण्याची. तारांच्या टर्मिनलची प्लेट काढा. त्या भोकात रबरी बूच बसवून त्यातून सलाइनची नळी आत घाला. नळीच्या बाहेरच्या टोकाला मेडिकलमध्ये मिळणारा थ्री-वे (तीन तोंडांची तोटी) लावा. त्याच्या एका तोंडाला 50 मिलीची सिरिंज, दुसऱ्याला गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल नळी, यू आकारात वाकवून, निम्मी भरून. पाण्यात चिमूटभर कुंकू टाका म्हणजे पातळी दिसते.

सिरिंजने हवा हळूहळू आत ढकला, थ्री-वे फिरवून पुन्हा भरा, पुन्हा ढकला. दोन्ही अंगांच्या पातळ्यांत 2 सेंमी फरक आला की थांबा. त्यापुढे जाऊ नका: 2 सेंमीच्या दाबानेही 12 इंची कोनावर जवळपास एक किलोचा भार पडतो.

आता घड्याळ पाहा. 2 सेंमीचा 1 सेंमी व्हायला दहा सेकंदांच्या आसपास लागत असतील तर कप्पा बरा आहे. एवढी गळती कापडी सराउंड (कोनाची लवचीक कड) आणि डस्ट कॅपमधूनही (कोनाच्या मधल्या टोपीतूनही) होते. डोळ्यांदेखत पाणी बसले तर फट आहे. सिरिंज रिकामी करूनही पातळी हलतच नसेल तर मोठी फट आहे.

फट बाहेर आहे की आत? कप्प्याचे बाहेरून दिसणारे सगळे सांधे आणि झाकणाची कड मास्किंग टेपने बंद करा आणि पुन्हा दाब भरा. आता पाणी टिकले तर गळती बाहेरची, टेपचा एकेक तुकडा काढत गेलात की जागा सापडते. टेप लावूनही पाणी बसले तर हवा हॉर्नच्या वाटेत जातेय: ड्रायव्हरच्या गॅस्केटमधून किंवा कप्पा आणि हॉर्न यांच्यामधल्या पडद्याच्या सांध्यातून. उन्हाळी तक्रारीत बहुतेकदा हाच सांधा निघतो, आणि बाहेरून भरलेले सिलिकॉन त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही.

घडीतल्या गाळ्यांसाठी पाणी कामाचे नाही, उजेड लागतो. झाकण काढा, ड्रायव्हर काढा, थ्रोटच्या भोकातून एलईडीची पट्टी पहिल्या गाळ्यात सरकवा. खोलीत अंधार करा. तोंडाकडून, फोनला जोडायचा बोअरस्कोप (वायरच्या टोकावरचा बारीक कॅमेरा, स्वस्तातला चालतो) आत घालून पुढच्या गाळ्याचे कोपरे पाहत जा. वळणाला वळसा घालून आलेला उजेड मवाळ आणि पसरलेला दिसतो. फटीतून येणारा उजेड दोऱ्यासारखी रेघ काढतो. रेघ दिसली तिथे पेन्सिलने खूण करता येत नाही, म्हणून तोंडापासूनचे अंतर बोअरस्कोपच्या वायरवर टेप लावून मोजा.

एक गोष्ट लक्षात असू द्या. दाब सगळ्यात जास्त थ्रोटजवळ असतो, तोंडाकडे तो उतरत जातो. नमुना डब्यात दर 47 सेंमीला वाटेचे क्षेत्रफळ दुप्पट होते: थ्रोटला 230, 25 सेंमीवर 331, 50 वर 477, एक मीटरवर 991, दीड मीटरवर 2058. म्हणून कप्पा आणि पहिले साठ-सत्तर सेंमी हाच खरा नाजूक भाग. तोंडाजवळच्या फळीची केसभर फट शोधत दिवस घालवू नका.

सांधा उन्हाळ्यातच का उघडतो

एप्रिल-मेच्या दुपारी आपल्याकडे हवेतली आर्द्रता 20 टक्के किंवा त्याहून खाली जाते, पावसाळ्यात 80 च्या पुढे. कोरड्या हवेत लाकूड स्वतःजवळ 4-5 टक्के पाणी ठेवते, ओल्या हवेत 15-16. प्लाय त्याने लांबी-रुंदीत फारसा हलत नाही, कारण त्याचे थर एकमेकांना आडवे असतात. भरीव लाकूड मात्र आडव्या अंगाने चांगलेच हलते. आणि आपल्याकडचे सुतार डब्याच्या आत कोपऱ्याला काय मारतात? सागाची किंवा देवदारी पट्टी. 40 मिमी रुंद पट्टी दोन ऋतूंत अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास आत-बाहेर होते. प्लाय जागचा हलत नाही, पट्टी हलते, मधला फेव्हिकॉलचा थर तुटतो. अर्धा मिलिमीटर फट 60 सेंमी लांब असेल तर ते 3 चौ. सेंमीचे भोक झाले. 230 च्या थ्रोटशेजारी, सगळ्यात जास्त दाबाच्या जागी.

वर कूलर. कोरड्या खोलीत दुपारी दोनला आर्द्रता 18 टक्के, कूलर लावला की तासाभरात साठ, रात्री बंद केला की पुन्हा खाली. पावसाळा-उन्हाळा जे सहा महिन्यांत करतात ते कूलर रोज करतो, तेही डब्याच्या एकाच अंगावर झोत पाडून.

तिसरे कारण सनमायका. बाहेरून सनमायका, आतून कोरा प्लाय, असा डबा आतून पाणी पितो आणि सोडतो, बाहेरून नाही. फळी पोटाकडे किंवा पाठीकडे वाकते आणि सांध्याची कड उचलते. ही गोष्ट कपाटाच्या दाराबाबत प्रत्येक सुताराला ठाऊक असते. स्पीकरचा डबा आला की विसरतात.

चौथे, हलका प्लाय. त्याच्या आतल्या थरांत पोकळी असते. कड उघडी राहिली की हवा एका गाळ्यातून प्लायच्या पोटात शिरून दुसऱ्या गाळ्यात निघते. सांधा ठणठणीत, तरी गळती. शिट्टीसारखा बारीक आवाज आला तर हाच प्रकार.

सिलिकॉन का टिकत नाही

सिलिकॉन वाईट नाही, इथे चुकीचे आहे. एक तर ते बाहेरून लावले जाते, फट आत असते. दुसरे, धुळकट, कोऱ्या प्लायवर ते धड धरत नाही. तिसरे आणि महत्त्वाचे: एकदा सिलिकॉन लागले की त्या जागेवर फेव्हिकॉल, इपॉक्सी, रंग आणि अगदी नवे सिलिकॉनसुद्धा नीट चिकटत नाही. म्हणजे दरवर्षीचा उपाय पुढच्या वर्षीच्या उपायाची वाट बंद करत जातो. शिवाय व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन वाळताना आम्लाची वाफ सोडते. बंद कप्प्यात ती वाफ तांब्याच्या जोडण्यांवर आणि ड्रायव्हरच्या लोखंडावर बसते.

दुरुस्ती

वेळ: भर उन्हाळा, फट सगळ्यात रुंद असते तेव्हा. ही गोष्ट उलटी वाटते, कारण लोक दसऱ्या-दिवाळीला डबा उघडतात. ओल्या दिवसांत मिटलेल्या फटीवर सीलंट लावले तर उन्हाळ्यात ते ताणले जाऊन सुटते. उघड्या फटीत भरले तर पावसाळ्यात फक्त दाबले जाते.

सामान, एका डब्याला: पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटचे 300 मिलीचे एक नळकांडे, गन, 80 नंबरचा पॉलिश पेपर, पट्टीचे पाते, थोडे इपॉक्सी, प्लायचा 18 मिमी तुकडा, 8 नंबरचे 32 मिमी स्क्रू. कोपऱ्यात 6 मिमीची कड ओढली तर एका नळकांड्यात सुमारे 16 मीटर सांधा होतो. कप्पा आणि पहिले दोन गाळे मिळून त्याच्या आत बसतात.

ड्रायव्हर बाहेर काढून खोलीबाहेर ठेवा. जुने सिलिकॉन पात्याने खरवडा, मग पेपरने ताजे लाकूड दिसेपर्यंत घासा. थिनरने पुसणे पुरेसे नाही, सिलिकॉन विरघळत नाही, पसरते. भुसा ब्लोअरने किंवा हवेच्या पंपाने उडवा.

सांध्याची फळी हाताने दाबून पाहा. हलत असेल तर सीलंट नुसते भरू नका, आधी सांधा आवळा. सागाची पट्टी सुटलेली असेल तर ती काढून टाका आणि त्या जागी प्लायचीच 36 मिमी रुंद पट्टी फेव्हिकॉल मरीन आणि स्क्रूने बसवा. स्क्रू दर 10 सेंमीला, आधी 2.5 मिमीचे भोक पाडून. पट्टी कप्प्याच्या बाजूला बसवा. थ्रोटच्या 3.8 सेंमीच्या गाळ्यात 18 मिमीची पट्टी घालाल तर तिथली निम्मी वाट खाऊन टाकाल.

मग पीयूची कड, आणि साबणाच्या पाण्यात बोट बुडवून एकदाच ओढ. पोकळीवाल्या कडांना इपॉक्सीत लाकडाचा बारीक भुसा कालवून लेप.

पीयू हवेतल्या ओलाव्यावर वाळते. 20 टक्क्यांच्या हवेत ते दिवसचे दिवस आतून कच्चे राहते. म्हणून कड ओढल्यावर खोलीत कूलर लावा (झोत डब्यावर नको) किंवा डब्याजवळ ओली गोणपाटे टांगा, आणि तीन दिवस ड्रायव्हर बसवू नका.

गाळ्यातली फट हाताला लागत नसेल तर? सीलंटच्या नोझलला एक-दीड फुटाची कडक नळी जोडून बोअरस्कोपच्या नजरेने भरता येते, पण पहिल्या वळणापर्यंतच. त्यापुढे असेल तर बाजूची फळी कापून काढणे हाच उपाय. सर्क्युलर सॉची खोली 17 मिमी ठेवून कडेच्या आतून चौकोन कापा, शेवटचा मिलिमीटर पात्याने. मग सगळे सांधे समोर उघडे मिळतात. नवी फळी चिकटवायची नाही. कडेला आणि पडद्यांच्या माथ्यावर गॅस्केट लावून बोल्टने आवळायची. डबा फोडायला जिवावर येते हे खरे, पण दर उन्हाळ्याचा सुतार त्याहून महाग पडतो.

झाकण आणि ड्रायव्हरचे गॅस्केट

कप्प्याचे झाकण लाकडी स्क्रूने लावलेले असेल तर तीन-चार वेळा उघडल्यावर प्लायमधली पकड जाते. एम-6 चे टी-नट (प्लायमध्ये ठोकून बसवायचे धातूचे नट) आतून बसवा, दर 10 ते 12 सेंमीला एक. गॅस्केट क्लोज्ड-सेल ईपीडीएम (हवा न झिरपणारे फुगीर रबर), 10 मिमी रुंद, 5 मिमी जाड. आवळल्यावर 3 मिमीच्या आसपास यावे. दाराला लावायचा पिवळा स्पंज नको, त्यातून हवा आरपार जाते आणि दोन उन्हाळ्यांत त्याचा भुगा होतो. पट्टीची टोके कोपऱ्यात जोडू नका, सरळ भागात तिरपी कापून जोडा. बोल्ट गाडीच्या चाकासारखे समोरासमोर आवळायचे, आठवड्याने पुन्हा एकदा, कारण गॅस्केट बसते.

ड्रायव्हरचे बोल्टही उन्हाळा लागताना एकदा तपासा. प्लाय जाडीत आकसतो आणि चार-आठ बोल्टांतला एखादा पाव फेरा सैल होतो. फर्र-फर्र यायला तेवढे पुरते.

डबा ठीक निघाला, तरी कोपरा पाहा

40 हर्ट्झच्या हॉर्नला मोकळ्या जागेत पूर्ण तोंड हवे असेल तर ते जवळपास 6 चौ. मीटर लागेल. कोपऱ्यात जमीन आणि दोन भिंती मिळून त्याचा आठवा भाग पुरतो, 7350 चौ. सेंमी. आपला नमुना 4600 चा, म्हणजे आधीच तडजोड. भिंतींचीच मदत घेऊन हॉर्न पुरा करायचा ही युक्ती जुनी आहे. पॉल क्लिप्श यांनी 1940 च्या दशकात ज्या कोपरा-हॉर्नचे पेटंट घेतले तो याच तत्त्वावर चालतो. त्यामुळे सफाईसाठी किंवा कूलरला जागा करायला डबा हातभर पुढे ओढला की बेस खरोखरच बदलतो. ज्या डब्यांत खोलीची भिंतच शेवटच्या गाळ्याची बाजू असते, तिथे फरशीची स्कर्टिंग अडते आणि मागे बोटभर फट राहते. स्कर्टिंगच्या मापाची खाच डब्याच्या खालच्या कडेला मारा, उभ्या कडेला पोकळ रबरी बीडिंग लावा.

फर्र-फर्र डब्यातली नसतेही. पत्र्याचे कपाट, खिडकीची काच, पंख्याची वाटी, देव्हाऱ्यातली घंटा. 25 ते 100 हर्ट्झ हळूहळू फिरवत एकाने नॉब धरावा, दुसऱ्याने खोलीभर हात लावत फिरावे.

आणि हॉर्न बरेच दिवस बंद असेल तर आत बोअरस्कोप घालाच. कुंभारीण माशीला 3.8 सेंमीचा अंधारा गाळा म्हणजे मातीचे घर बांधायला हवी तशी जागा. उंदराला ड्रायव्हरच्या फोमची ओढ. तोंडाला मच्छरदाणीची स्टीलची जाळी वेल्क्रोने लावा. थ्रोटला कधीही नको, तिथे हवेचा वेग जास्त असतो आणि जाळी सळसळते.

नवा डबा करणार असाल तर

आयएस 710 चा मरीन प्लाय घ्या, 18 मिमी, 8 बाय 4 च्या तीन शीट. दुकानातून आणून थेट कापू नका. जिथे डबा राहणार त्या खोलीत, खाली-मध्ये पट्ट्या घालून, आडवी थप्पी लावून दोन आठवडे ठेवा. कापायला कार्तिक-मार्गशीर्ष किंवा माघ बरा, लाकूड ना ओले ना करकरीत.

पडदे नुसते टेकवू नका, बाजूच्या फळीत राउटरने 6 मिमी खोल खाच मारून बसवा. सांधा हलला तरी खाचेत हवेला सरळ वाट मिळत नाही. एक बाजू कायम बोल्टची ठेवा. आतल्या सगळ्या पृष्ठांना आणि मुख्यतः कडांना सँडिंग सीलरचे दोन हात द्या. बाहेर सनमायका हवाच असेल तर त्या फळीच्या आतल्या अंगालाही लायनर लावा.

कप्प्याचे माप थ्रोटवरून ठरते. थ्रोटचे क्षेत्रफळ गुणिले आवाजाचा वेग, भागिले 6.28 गुणिले कटऑफ. 230 चौ. सेंमीला 31.5 लिटर येतात. ड्रायव्हरचा व्हीएएस (त्याच्याइतकीच लवचीक असणारी हवा किती, तो आकडा) 120 लिटर असेल तर त्याची स्वतःची लवचीकता वजा करून सुमारे 43 लिटर. त्यात ड्रायव्हर व्यापतो ते तीन लिटर वाढवा. कप्पा मोठा झाला तर थ्रोटवरचा हवेचा भार तोलला जात नाही आणि कटऑफजवळ बेस ढिला पडतो. "जागा आहे तर मोठा करू" हा मोह इथे नडतो.

डबा पुरा झाला, आठवडाभर वाजला की इम्पीडन्स घ्या आणि झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलने लिहून ठेवा: तारीख, खोलीचे तापमान, आर्द्रता, प्रत्येक शिखराचे हर्ट्झ आणि ओहम. दोनशे-चारशे रुपयांचा डिजिटल आर्द्रतामापक त्यासाठी पुरतो. दुरुस्तीनंतरही तेच करा, आणि दुसरे वाचन पुढच्या वैशाखात, कूलर लावायच्या आदल्या आठवड्यात घ्या. खालचे शिखर तेवढेच उंच आणि अरुंद राहिले, आणि पाण्याची पातळी निम्मी व्हायला पूर्वीइतकेच सेकंद लागले, तर सांधा धरला आहे.